मुंबईपासून सरळ खाली रेघ ओढली तर: दिएगो गार्सिया आणि अमेरिकेचं लष्करी बळ

गलबत (धागाकर्ता)

शाळेचा ॲटलास घ्या, मुंबईवर पट्टी ठेवा आणि सरळ दक्षिणेला रेघ ओढा. आधी लक्षद्वीप लागतं, मग मालदीव. विषुववृत्त ओलांडून सात अंश खाली गेलात की समुद्रात एक बारीकसा ठिपका दिसेल. तो दिएगो गार्सिया, छागोस बेटांपैकी एक. मुंबई आणि या बेटाच्या रेखांशात अर्ध्या अंशाचाही फरक नाही. मुंबईपासून अंतर साधारण २९०० किलोमीटर, कन्याकुमारीपासून १८००. जमीन सगळी मिळून २७ चौरस किलोमीटरच्या आसपास, वाळूत पाऊल उमटावं तसा आकार, मधे खोल खाजण. त्या जमिनीवर अमेरिकी लष्करी तळ आणि त्याची साडेतीन किलोमीटरहून लांब धावपट्टी आहे.

या बेटावर लिहायचं बरीच वर्षं मनात होतं. मी बावीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, त्यातली बरीचशी आखातात ये-जा करण्यात. थर्ड ऑफिसर असतानाची गोष्ट. आमचा टँकर होर्मुझच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडत होता. रात्रीचा आठ ते बाराचा वॉच माझा. व्हीएचएफ रेडिओच्या सोळा नंबरवर आवाज आला, आम्ही कोअलिशन वॉरशिप बोलतोय. उच्चार अस्सल अमेरिकी. जहाजाचं नाव काय, झेंडा कुठला, मागचं बंदर कुठलं, पुढचं कुठलं, माल काय, माणसं किती, कुठल्या देशांची. मी एकेक सांगत गेलो. शेवटी आभार मानून त्यानं सुखरूप प्रवासाच्या शुभेच्छाही दिल्या. अगदी सभ्य बोलणं. रडारवर तो नऊ मैलांवर होता. खिडकीतून काळोखाशिवाय काही दिसत नव्हतं. आपल्या घरापासून अर्धं जग ओलांडून तो तिथं आला होता, आणि विचारायचा हक्क त्याचा, सांगायचं काम माझं, यात त्याला आणि मलाही काही वावगं वाटलं नाही. वॉच संपल्यावर बंकवर पडलो तेव्हा मात्र ते टोचायला लागलं.

आपण अमेरिकेची ताकद आकड्यांत मोजतो. विमानवाहू नौका ११. संरक्षणावरचा खर्च २०२४ साली ९९७ अब्ज डॉलर, म्हणजे सगळ्या जगाच्या लष्करी खर्चातला एकतृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या देशाचा. आकडे खरेच आहेत. पण दर्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला पहिला प्रश्न वेगळाच पडतो: एवढ्या लांब येऊन यांना इंधन, दारूगोळा, सुटे भाग, भाजीपाला कोण पुरवतं? जहाज कितीही मोठं असो, त्याला टेकायला धक्का लागतो. माझ्या मते अमेरिकेचं खरं बळ शस्त्रांपेक्षा या टेकायच्या जागांत आहे. बहारीनमध्ये मनामाला पाचव्या आरमाराचं मुख्यालय, कतारमध्ये अल उदैद, जपानमध्ये योकोसुका, जर्मनीत रामश्टाइन, शिवाय ग्वाम. जगभर असे शेकड्यांनी तळ आहेत.

आता यात एक अडचण असते. तळ दुसऱ्याच्या देशात असतो, आणि तिथल्या लोकांनी उद्या "निघा" म्हटलं तर निघावं लागतं. फिलिपिन्सच्या सिनेटनं १९९१ मध्ये करार नाकारला, पुढच्या वर्षी अमेरिकेला तिथला सुबिक बे तळ सोडावा लागला. २००३ मध्ये इराकवर उत्तरेकडून सैन्य न्यायचं होतं, तुर्कस्तानच्या संसदेनं नकार दिला. २००५ मध्ये उझबेकिस्ताननं तळ खाली करायला लावला. हे असं होणार, याचा अंदाज अमेरिकी नौदलातल्या स्टुअर्ट बार्बर नावाच्या नियोजकाला १९५० च्या दशकातच आला होता. देश एकामागून एक स्वतंत्र होत होते. तेव्हा लांबची, छोटी, ज्यांच्याबद्दल कोणी भांडणार नाही अशी बेटं आत्ताच ताब्यात घेऊन ठेवा, असं त्यानं सुचवलं. दिएगो गार्सिया त्या यादीतलं.

पण बेट रिकामं नव्हतं. फ्रेंचांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मादागास्कर आणि मोझांबिककडून गुलाम आणून तिथं नारळाच्या बागा लावल्या. पुढं भारतातून मजूर गेले. पाच-सहा पिढ्या झाल्या. त्यांची क्रिओल बोली, चर्च, दफनभूमी, खोबऱ्याचा व्यापार, सगळं होतं. ब्रिटननं १९६५ मध्ये आपल्या ताब्यातल्या मॉरिशसला स्वातंत्र्य द्यायच्या आधीच त्याचा भाग असलेली छागोस बेटं तोडून वेगळी वसाहत केली आणि मॉरिशसच्या हातावर ३० लाख पौंड ठेवले. १९६६ मध्ये अमेरिकेशी ५० वर्षांचा करार झाला. भाडं शून्य. त्याऐवजी अमेरिकेकडून घ्यायच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या खर्चात ब्रिटनला १ कोटी ४० लाख डॉलरची सूट मिळाली, तीही दोन्ही देशांच्या लोकप्रतिनिधींपासून लपवून.

मग लोकांना हलवायला सुरुवात झाली. कोणी औषधपाण्याला मॉरिशसला गेला की त्याला परतीच्या बोटीवर घेईनात. बेटावर येणारं धान्य कमी केलं. १९७१ मध्ये बेटावरची हजारभर कुत्री मारली. खोबरं सुकवायच्या भट्टीत कोंडून, लष्करी गाड्यांचा धूर आत सोडून. मुलं बाहेर उभी होती, कुत्र्यांचं ओरडणं ऐकत होती. त्यानंतर माणसांना नोर्डवेर नावाच्या बोटीत भरलं. सोबत थोडंसं सामान, बस्स. १९७३ पर्यंत सगळी बेटं ओस. दीड ते दोन हजार माणसं.

आता तिथं "निघा" म्हणणारं कोणी उरलं नाही. १९९१ चं आखाती युद्ध, २००१ चं अफगाणिस्तान, २००३ चं इराक, सगळीकडे तिथून बॉम्बफेकी विमानं उडाली. २०२५ च्या वसंतात येमेनवर हल्ले चालू होते तेव्हा किमान सहा बी-२ बॉम्बफेकी विमानं तिथं उभी असल्याचं उपग्रहाच्या चित्रांत सगळ्यांनी पाहिलं.

अमेरिका चांगली की वाईट यावर धागा भरकटू नये, एवढी विनंती. मला बोलायचंय ते या बेटाबद्दल, आणि आपण, त्याच रेघेवरचे लोक, त्याच्याकडे कसं बघतो त्याबद्दल.

दगडधोंडे

लेख आवडला. वाचनखूण साठवली आहे. एक भर घालतो, विषयाला सोडून वाटली तरी.

तुम्ही ओढलेली रेघ जमिनीखालीही आहे. ज्या तप्त स्रोतातून ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वर आला, म्हणजे महाराष्ट्रातला जवळजवळ सगळा सह्याद्री, अजिंठा-वेरूळचा पाषाण, तोच स्रोत भूपट्ट उत्तरेला सरकत गेला तसा लक्षद्वीप, मालदीव, छागोसची समुद्राखालची रांग बनवत गेला. पुढं त्यानंच मॉरिशस घडवलं. आज तो रीयुनियन बेटाखाली आहे. बेटावर वर दिसतं ते प्रवाळ, पण त्याच्या पायाशी आपल्याच कातळाचा भाऊबंद आहे.

जुनापट

गलबत, १९७१ चं नाव निघालं म्हणून लिहितो. मी तेव्हा नववीत होतो, परळच्या चाळीत राहायचो. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. संध्याकाळी भोंगा झाला की सगळी चाळ गॅलरीतून आत. १२-१३ डिसेंबरला मोठ्या माणसांच्या तोंडी एकच शब्द आला: सातवं आरमार. अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात येतंय. खालच्या मजल्यावरचे एक काका गोदीत कामाला होते. ते म्हणाले, त्यांच्या एंटरप्राइझ या विमानवाहू नौकेपुढं आपली विक्रांत म्हणजे जेमतेम पाव. त्या रात्री वडील जेवले नाहीत, हे मला आजही आठवतं. आम्हाला पाकिस्तानची भीती वाटत नव्हती. त्या एका बोटीची वाटली.

मोठा झाल्यावर वाचलं, तेव्हा कळलं की निक्सन आणि किसिंजर यांनी १० डिसेंबरला हुकूम दिला, ताफा व्हिएतनामच्या बाजूनं मलाक्कातून फिरून १५ तारखेला उपसागरात पोचला. दुसऱ्या दिवशी ढाक्यात शरणागती झाली. मागोमाग रशियाच्या बोटीही आल्या होत्या. ऑगस्टमधला भारत-सोव्हिएत करार कामी आला.

तुमच्या मुद्द्याला हे जोडून बघा. तेव्हा त्यांना हिंदी महासागरात टेकायला जागा नव्हती, दिएगो गार्सियावर काम नुकतंच सुरू झालं होतं. म्हणून पाच दिवस लागले. आणखी एक योगायोग सांगतो. हिंदी महासागर हे शांतता क्षेत्र असावं, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १६ डिसेंबर १९७१ लाच केला. ढाक्याचाच दिवस. मांडला होता श्रीलंकेनं, आपला पाठिंबा होता. पुढची वीस वर्षं आपली सगळी सरकारं दिएगो गार्सियाविरुद्ध बोलत होती. मग हळूहळू बोलेनाशी झाली.

सरळरेघ

छागोसच्या लोकांवर अन्याय झाला हे मान्य, त्यात दुमत नाही. पण भावनेच्या भरात एक गोष्ट सुटतेय. अमेरिका उद्या त्या बेटावरून गेली तर तिथं कोण येईल? चीननं २०१७ मध्ये जिबुतीला तळ उघडला. त्याच वर्षी श्रीलंकेचं हंबनटोटा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर चिनी कंपनीकडे गेलं. मुंबईच्या रेघेवर चिनी धावपट्टी आपल्याला चालेल का?

आणि गलबत, तुमच्या टँकरला त्या रात्री प्रश्न विचारणारा तिथं होता म्हणून तुमचं जहाज सुखरूप गेलं असेल, हाही विचार करा. २०२३ च्या अखेरीपासून येमेनच्या हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. जहाजांवर आपलीच मुलं असतात, कोकणातली, केरळातली. समुद्रावर कोणीतरी पहारा द्यावा लागतो. तो फुकट होत नाही आणि तळाशिवाय तर होतच नाही.

घाटमाथा

आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. माझा जन्म पुनर्वसनाच्या गावातला, सांगली जिल्ह्यातला. आजी मरेपर्यंत "आपल्याकडं" म्हणायची ते जुन्या गावाला. मे महिन्यात धरण उतरलं की वडील आम्हाला न्यायचे, चिखलातून चालत जाऊन घराचं जोतं दाखवायचे. इथं चूल, इथं गोठा, इथं तुळस. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, मला नुसते दगड दिसायचे.

सरळरेघ, तुमचा मुद्दा चुकीचा नाही. कोयनेची वीज महाराष्ट्राला मिळाली, तिच्यावर कारखाने चालले, मीही त्याच विजेवर अभ्यास केला. पण "कोणाला तरी द्यावंच लागतं" हे वाक्य नेहमी न देणारा माणूस बोलतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. आम्ही निदान मोर्चे काढले, जमिनीसाठी भांडलो, आमच्या मागं बोलणारी माणसं उभी राहिली, अजूनही भांडतोय. त्या लोकांना तर तुम्ही इथले रहिवासीच नव्हता, हंगामी मजूर होता, असं कागदावर लिहून मोकळे झाले. धरणग्रस्ताला दाखला तरी मिळतो.

गलबत

घाटमाथा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हंगामी मजुरांचा मुद्दा अगदी खरा आहे. लंडनच्या अधिकाऱ्यांची त्या वेळची टिपणं पुढं कोर्टात बाहेर आली, त्यात या लोकांचा उल्लेख टारझन आणि मॅन फ्रायडे असा केलेला आहे.

सरळरेघ, तुम्हाला टाळणार नाही. पहारा लागतो हे मी नाकारत नाही. २३ डिसेंबर २०२३ ला केम प्लूटो या टँकरवर ड्रोन आदळलं ते वेरावळपासून दोनशे सागरी मैलांवर. ते जहाज शेवटी मुंबईलाच आलं. त्यानंतर अरबी समुद्रात आपल्या नौदलानं विनाशिका उतरवल्या. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाता आणि मार्कोस या नौदलाच्या कमांडोंनी एमव्ही रूएन हे जहाज चाच्यांकडून सोडवलं. म्हणजे पहारा आपणही देतो, आणि त्यासाठी कुणाचं बेट रिकामं करावं लागलं नाही.

दुसरं असं की पहारेकरी नियम कुणाचे लावतो तेही बघायला हवं. ७ एप्रिल २०२१ ला अमेरिकेची जॉन पॉल जोन्स ही विनाशिका लक्षद्वीपच्या पश्चिमेला १३० सागरी मैलांवर आली. आपलं अनन्य आर्थिक क्षेत्र ते, म्हणजे जिथल्या समुद्रसंपत्तीवर आपला हक्क. सातव्या आरमारानं जाहीर पत्रक काढलं की आम्ही भारताची परवानगी न घेता हे केलं, आणि मुद्दाम केलं. दिल्लीनं नापसंती कळवली. समुद्री कायद्याचा करार १९८२ चा, आपण १९९५ मध्ये त्याला मान्यता दिली. अमेरिकेनं आजवर दिलेली नाही. त्याच कायद्याचा हवाला देऊन ते आपल्या दारात आले होते. जुनापट काकांच्या सातव्या आरमाराचंच ते पत्रक, पन्नास वर्षांनी. फरक इतकाच की या वेळी मुंबईत कोणी जेवायचं थांबलं नाही.

लेथमशीन

इथं थोडं तपशिलातलं लिहितो. भारत-अमेरिका संबंध तळ देण्या-घेण्याचे नाहीत, पण टेकायला जागा देण्याचे नक्की झालेत. ऑगस्ट २०१६ मध्ये मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना वॉशिंग्टनला लेमोआ करार झाला. एकमेकांच्या बंदरांत, विमानतळांवर इंधन, रसद, दुरुस्ती, आणि त्याचे पैसे चुकते करायचे. कायमचं सैन्य ठेवायचं नाही, ही अट पर्रीकरांनी जाहीरपणे सांगितली होती. सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या आयएनएस तलवारनं अरबी समुद्रात अमेरिकी टँकरकडून इंधन घेतलं. त्याच महिन्यात त्यांचं पी-८ हे टेहळणी विमान पोर्ट ब्लेअरला इंधनासाठी उतरलं. २०२३ मध्ये माझगाव डॉकनं अमेरिकी नौदलाच्या जहाजांच्या दुरुस्तीचा करार केला.

मी स्वतः जहाजदुरुस्तीच्या धंद्यात आहे, म्हणून सांगतो. बोट ड्राय डॉकमध्ये चढली, पाणी उपसलं, की तिचा सगळा तळ उघडा पडतो. शेवाळ, शंख, गंजलेली प्लेट, शाफ्टचं सील. त्या घटकेला ती कितीही मोठ्या आरमाराची असो, फिटरच्या हातात असते. दुरुस्ती करणाऱ्याकडेही एक प्रकारचं बळ असतं, ते आपण ओळखून वापरावं, असं माझं मत. बेट बळकावून मिळवलेल्या जागेपेक्षा पैसे देऊन घेतलेली सेवा मला बरी वाटते. तिला नाही म्हणता येतं.

निळीशाई

मी तीन वर्षं मॉरिशसला होते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. तिथं मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे बहुतेकांना माहीत असेल. रत्नागिरी-सावंतवाडीकडून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. आमच्या शेजारच्या आजी अशाच, मराठी अभंग म्हणायच्या आणि बोलायच्या क्रिओल. त्यांनीच मला पहिल्यांदा छागोसच्या लोकांबद्दल सांगितलं. पोर्ट लुईच्या धक्क्यावर बोट लागली तेव्हा काही लोक उतरायलाच तयार नव्हते, असं त्या म्हणायच्या.

आजींबरोबर मी एकदा कासी वस्तीत गेले होते, त्यांच्या ओळखीच्या एका बाईंकडे. छागोसच्या पेरोस बान्योस बेटावर जन्मलेल्या. पत्र्याचं घर, पण अंगण असं झाडलेलं की पायातल्या चपला आपोआप काढल्या. बाईंनी नारळाच्या दुधातलं कालवण केलं होतं. मी म्हटलं आमच्या कोकणात असंच करतात, तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि किती वेळ सोडलाच नाही. त्या एक शब्द सारखा वापरत होत्या, साग्रें. त्यांची आई साग्रेंनं गेली, भाऊ साग्रेंनं गेला. मला वाटलं काही आजार असेल. आजी म्हणाल्या, दुःख गं, घर सुटल्याचं दुःख. त्यानं माणूस मरतो, असं त्यांच्यात मानतात.

नुकसानभरपाईचं विचाराल तर ब्रिटननं १९७२ मध्ये मॉरिशस सरकारला साडेसहा लाख पौंड दिले, ते लोकांच्या हातात पडायला आणखी पाचेक वर्षं गेली. १९८२ मध्ये ४० लाख. तेवढ्यात घरं कर्जातून सुटली नाहीत. आणि त्या पैशाच्या बदल्यात, आता परत जायचा हक्क मागणार नाही, अशा इंग्रजी कागदावर कित्येकांचे अंगठे घेतले.

सरळरेघ

निळीशाई, अंगठ्याची गोष्ट मला माहीत नव्हती. तळ हवा या मतावर मी अजून आहे. पण बेटावर माणसं राहिली असती तर तळ चालला नसता, हे मला पटत नाही. ग्वामवर माणसं राहतात, ओकिनावावर राहतात. म्हणजे काढायची गरज नव्हती, सोय म्हणून काढलं. हे मी आधी म्हणायला हवं होतं.

सध्या कायद्याची स्थिती काय आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कलम

थोडक्यात लिहिते. ऑलिव्हिए बांकू, छागोसमध्ये जन्मलेले, लहानपणीच बाहेर अडकलेले, पेशानं इलेक्ट्रिशियन. घरी परतायच्या हक्काचा खटला ते लंडनच्या हायकोर्टात नोव्हेंबर २००० मध्ये जिंकले. २००४ मध्ये सरकारनं राणीच्या नावानं थेट आदेश काढून तो निकाल फिरवला, संसदेत चर्चाच नाही. २००८ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढं, ते ३ विरुद्ध २ नं हरले.

मग वाट हेगची. २५ फेब्रुवारी २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १३ विरुद्ध १ असं मत दिलं की छागोस तोडणं बेकायदा होतं, ब्रिटननं लवकरात लवकर ताबा सोडावा. आपले न्यायमूर्ती दलवीर भंडारी बहुमतात होते. विरोधातलं एक मत अमेरिकी न्यायाधीशांचं. मे महिन्यात आमसभेत ११६ विरुद्ध ६, भारत ११६ मध्ये. म्हणजे लेमोआवर सही केलेला भारत या प्रश्नावर अमेरिकेविरुद्ध मत देऊ शकला, हेही नोंदवायला हवं.

२२ मे २०२५ ला ब्रिटन-मॉरिशस करारावर सह्या झाल्या. करारात ठरलं ते असं: सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सिया मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं ब्रिटनकडे, म्हणजे व्यवहारात अमेरिकी तळ तिथंच. भाडं सरासरी वर्षाला १० कोटी १० लाख पौंड, ते ब्रिटन देणार. भारतानं कराराचं स्वागत केलं. बाकीच्या बेटांवर लोकांना वसवायची मॉरिशसला मुभा, दिएगो गार्सियावर नाही. बऱ्याच छागोसवासीयांची तक्रार अशी की या वाटाघाटीतही टेबलावर त्यांना खुर्ची नव्हती.

घाटमाथा

९९ वर्षं. म्हणजे ज्यांना त्या बेटावरची वाट आठवते त्यातलं कोणी नसेल तेव्हा.

निळीशाई

घाटमाथा, एक सांगते. फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉरिशस सरकारच्या बोटीतून काही छागोसवासी पहिल्यांदाच ब्रिटिश पहाऱ्याशिवाय पेरोस बान्योसला उतरले. बांकू त्यांच्यात होते. किनाऱ्यावर गुडघे टेकून त्यांनी वाळूचं चुंबन घेतलं. झेंड्याचा फोटो सगळीकडे आला, पण माझ्या लक्षात राहिलं ते त्यानंतरचं. नारळाच्या रानात बुडालेल्या चर्चच्या भिंती शोधून त्यांनी तिथली झाडी साफ करायला घेतली. मी तो व्हिडिओ आजींना फोनवर दाखवला. त्यांनी तो कासीच्या बाईंना दाखवला. बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं आणि भिंतीच्या उजवीकडं सरकवत नेलं, चित्र संपलं तरी बोट पुढं जात राहिलं. आमचं घर इथं, म्हणाल्या.